कोंबडीची पिसं काढायचं मशीन घरी बनवलं – मापं, खर्च आणि झालेल्या चुका

माडाखाली

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, पण मला सुरुवात करताना मराठीत कुठेच नीट माहिती मिळाली नव्हती म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

मे महिन्यात चाकरमानी आले की आमच्या घरात पंचवीस तीस माणूस होतं आणि कोंबडी वड्यांचा बेत ठरला की एका सकाळी आठ दहा गावठी कोंबड्या साफ कराव्या लागतात. कापायचं काम दोन मिनिटांचं, ते आम्ही पुरुष करतो आणि मोकळे होतो. मागीलदारी गरम पाण्याचा टोप घेऊन पिसं उपटायला बसतात त्या आई आणि काकी. एका कोंबडीला पंधरा वीस मिनिटं धरा, जून कोंबडा असला तर अर्धा तास पण जातो. आईच्या बोटांना संधिवात आहे. गेल्या वर्षी नवव्या कोंबडीला तिने पाट बाजूला सारला आणि एका हाताने दुसरा हात दाबत नुसती बसून राहिली, कोणाला काही बोलली नाही. त्याच दिवशी ठरवलं की पुढच्या मे महिन्याच्या आत काहीतरी करायचं.

मशीन म्हणजे काय ते आधी सांगतो. एक उभा ड्रम, त्याच्या भिंतीला आतल्या बाजूने रबरी बोटं, तळाला एक गोल फिरणारी थाळी आणि तिलाही तशीच बोटं. गरम पाण्यातून काढलेली कोंबडी आत टाकायची, थाळी फिरते, कोंबडी गडगडत राहते आणि बोटं पिसं ओढून काढतात. वरून पाईपने पाणी सोडत राहायचं, म्हणजे पिसं थाळी आणि ड्रमच्या मधल्या फटीतून खाली वाहून जातात.

माझी मापं अशी. ड्रम २०० लिटरचा निळा, कॅनिंगवाल्याकडून आमरसाचा रिकामा घेतला (केमिकलचा ड्रम कितीही धुतला तरी घेऊ नका). आतला व्यास साडेसत्तावन्न सेंटीमीटर भरला. थाळी ३ एमएम स्टेनलेस स्टीलची, व्यास ५४, म्हणजे चहूबाजूंनी पावणेदोन सेंटीमीटरची फट राहते. थाळी आणि तिच्यातली भोकं कुडाळ एमआयडीसीत लेझरवर कापून घेतली, खालून अँगलचा क्रॉस मारलाय नाहीतर पत्रा लवतो. शाफ्ट २५ एमएमचा उभा, दोन यूसीपी २०५ बेअरिंगांत बसवलेला. मोटर कडबाकुट्टीवरून उतरवलेली १ एचपी सिंगल फेज, १४४० आरपीएम. मोटरला अडीच इंची पुली आणि शाफ्टला १४ इंची, म्हणजे १४४० ला ५.६ ने भागा, थाळी साधारण २५७ ने फिरते.

बोटं एकूण १०८. भिंतीत १९ च्या चार ओळी म्हणजे ७६, थाळीवर ३२ (बाहेरच्या रिंगणात १६, मधे १०, आत ६). वरची ओळ खालच्या ओळीच्या मधोमध येईल अशी सरकवून घ्यायची.

खर्च सगळा धरून सोळा हजारांच्या आसपास गेला, त्यात वेल्डिंग माझं स्वतःचं आहे. मोटर जुनी ३५००, लेझर कटिंग मटेरियलसकट २६००, बोटं १८ रुपयाला एक प्रमाणे १९४४, मोठी पुली १४००, शाफ्ट टर्निंग ८००, ड्रम ९००, बेअरिंग ७००, पट्टा २५०, बाकी अँगल, वेल्डिंग रॉड, वायरिंग आणि ईएलसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच). तयार मशीनची किंमत विचारली होती तर मला तीस हजारांच्या वर सांगितली होती.

चुका पुढच्या पोस्टमधे लिहितो, त्या जास्त महत्त्वाच्या आहेत.

पंचगंगाकाठ

लई भारी काम केलंस भावा. फोटो टाक की. आन चुका लौकर लिही, मी पण ड्रम आणून ठेवलाय.

माडाखाली

फोटो रात्री टाकतो, इथे रेंज नाही.

चूक पहिली, वेग. माझ्याकडे ३ इंच आणि ६ इंचाच्या पुल्या पडल्या होत्या, म्हटलं आत्ता यावरच बघू. म्हणजे थाळी ७२० ने. पहिली कोंबडी टाकली ती दोन सेकंदात ड्रमच्या वर उडून अंगणात पडली. दुसरी टाकून वर फळी धरली तर दोन्ही पंखांची हाडं मोडली आणि छातीवरची कातडी निघून आली. घरच्या दोन कोंबड्या मी घाईपायी खराब केल्या याचं मला खरंच वाईट वाटलं, वर्षभर दाणे घातलेलं पाखरू असतं ते. तेव्हा पुल्यांचं गणित आधी करा, २५० ते ३०० च्या मधे राहा.

चूक दुसरी, फट. आधी थाळी ४९ ची केली होती, म्हणजे बाजूला चार सेंटीमीटरहून जास्त फट. पिसं छान पडायची पण कोंबडीचा पाय त्या फटीत जाऊन अडकला आणि मोडला, पट्टा घसरून जळका वास सुटला. मग ५४ ची दुसरी थाळी कापून आणली.

चूक तिसरी, भिंतीतली खालची ओळ. ती मी थाळीपासून ७ सेंटीमीटरवर घेतली होती. थाळीवरची बोटं साडेनऊ सेंटीमीटर उंच आणि भिंतीतली तेवढीच आत येतात, त्यामुळे फिरताना एकमेकांना आपटायला लागली आणि दहा मिनिटांत सात आठ बोटांची टोकं गेली. आता पहिली ओळ १२ वर आहे, पुढच्या २०, २८, ३६ वर. चुकीची भोकं रबरी बूच मारून बुजवली.

चूक चौथी भोकांची. माझ्याकडच्या बोटांना १९ एमएमचं भोक लागतं. भिंतीत मी हाताने ड्रिल केलं, कुठे २० कुठे २१ झालं, तिथली बोटं चालू मशीनमधे सटकून बाहेर येतात. होल सॉ नाहीतर स्टेप ड्रिल वापरा आणि कडा कानशीने मऊ करा, धारदार कड रबराला कापते. बोट बसवताना साबणाचं पाणी लावायचं, ड्रमच्या बाहेरून टोक आत घालायचं आणि आतून पकडीने खेचायचं, खाचेत बसलं की टक्क करून कळतं. १०८ बोटं बसवायला मला अख्खी दुपार लागली.

नवा_कुक्कुटपालक

माडाखाली, खूप आभार. माझ्याकडे वनराज आणि गिरिराज मिळून ४० पक्षी आहेत (जुन्नरजवळ). एक विचारतो, जुन्या सेमी ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनमधेच रबरी बोटं बसवली तर चालणार नाही का? व्हिडिओत तसं दाखवतात. ड्रम, मोटर, पाण्याची सोय सगळं आयतं मिळतं.

वाइंडिंगवाला

मी मोटर रिवाइंडिंगचं काम करतो इचलकरंजीला, या प्रश्नाचं उत्तर देतो आणि सोबत थोडं कडक पण बोलतो कारण इथे पाणी आणि करंट एकत्र आहे.

वॉशिंग मशीनची धुवायची बाजू चालते पण मोटर अगदी बारकी असते, पाव एचपी, फार तर थोडी जास्त. ती पाण्यात तरंगणारे कपडे हलवायला केलेली असते, दोन किलोचा ओला कोंबडा उचलून आपटायला नाही. एक पक्षी, तो पण लहान, निघेल. दोन टाकले की बसते. सुकवायची बाजू तर विसराच, ती एवढी जोरात फिरते की वर माडाखालीने लिहिलंय तसंच होईल. आणि त्याची पाणी जायची नळी बारीक, पिसांनी पहिल्याच कोंबडीला तुंबते. ४० पक्षी असतील तर ड्रमवालाच बनवा.

आता मोटरचं. १ एचपी, चार पोल म्हणजे १४४० वाली, पूर्ण बंद बॉडीची घ्या, उघड्या जाळीची नको, पाण्याचे शिंतोडे आत जातात. उभी बसवणार असाल तर वरून पत्र्याची छत्री करा.

गावात व्होल्टेज पडतं त्याचा विचार कोणी करत नाही. मोटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. २३० च्या जागी १७० आलं तर तुम्हाला वाटेल पाऊण ताकद राहिली, पण प्रत्यक्षात निम्मीच्या थोडी वर राहते. मोटर नुसती हुंकारते, फिरत नाही आणि दोन मिनिटात वाइंडिंग जळतं, अशा मोटरी माझ्याकडे उन्हाळ्यात रोज येतात. म्हणून नियम एकच, मशीन आधी रिकामं चालू करा, पूर्ण वेग घेऊ द्या, मग कोंबडी टाका. कोंबडी आत ठेवून स्विच मारायचा नाही. हुंकार आला की लगेच बंद.

आणि अर्थिंग. तिसरी वायर पिनला जोडली म्हणजे अर्थिंग झालं असं नाही, ती वायर खरोखर जमिनीत गेलीय का ते बघा, खड्डा कोरडा पडला असेल तर पाणी घाला, वायरमनकडून तपासून घ्या. फ्रेमला वेगळी अर्थ वायर नटबोल्टने आवळा. लाईनवर ३० मिलीअँपची ईएलसीबी पाहिजेच, हजार पंधराशेची वस्तू आहे, बोटं दहा कमी लावा पण ही लावा. एक्स्टेंशन बोर्ड ओल्या जमिनीवर ठेवू नका. स्विच मशीनवर नको, भिंतीवर छातीच्या उंचीला, आणि तो मारणारा माणूस कोरड्या हाताचा वेगळा ठेवा.

पट्ट्यावर जाळी आहे का तुमच्या?

माडाखाली

@वाइंडिंगवाला दादा, जाळी नव्हती, खरं सांगतो. तुमची पोस्ट वाचून आज सकाळी पत्रा वाकवून गार्ड बसवला. आई साडी नेसते आणि वाकून कोंबडी टाकते, पदर पट्ट्यापासून हातभर लांब होता एवढंच. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

ईएलसीबी आहे. स्विच पण पडवीच्या खांबावर आहे.

वाइंडिंगवाला

गार्ड बसवलात हे बेस. लहान मुलं पिसं उडताना बघायला जवळ येतात, त्यांच्यासाठी पण एक दोरी बांधून रेषा आखा.

वाशिष्ठी

धागा मनापासून आवडला. मी चिपळूणची, आता सासरी लांज्याला. पिसं काढायचं काम बायकांचं हे कोणी ठरवलं माहीत नाही पण लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला तिखटाच्या नैवेद्याच्या दिवशी मी सहा कोंबड्या एकटीने साफ केल्या होत्या आणि नखांच्या कडा आठ दिवस दुखत होत्या. तुमच्या आईला हे मशीन मिळालं हे वाचून बरं वाटलं.

पाण्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. माझ्या मते सगळा खेळ पाण्याचा आहे. आम्ही हाताने काढताना उकळतं पाणी वरून ओततो आणि लगेच उपटतो. मशीनला पण तसंच का?

माडाखाली

वाशिष्ठीताई, बरोबर पकडलंत. पहिले पंधरा दिवस मी मशीनला दोष देत होतो आणि चूक पाण्यात होती.

उकळतं पाणी मशीनला चालत नाही. हाताला ते चालतं कारण आपण बघत बघत हलक्या हाताने काढतो. उकळत्या पाण्यात कातडी अर्धवट शिजते, खालची चरबी पातळ होते आणि मशीनमधे रबराचा फटका बसला की टराटरा फाटते. आणि पाणी कोमट राहिलं तर पिसं सुटतच नाहीत, कोंबडी दोन मिनिटं फिरत राहते आणि मांसाला मार लागतो.

मला जमलेलं गणित असं: ब्रॉयलर किंवा कोवळी पिल्लं असली तर ६० ते ६२ अंश आणि ४५ सेकंद. गावठी तलंग (अजून अंड्यावर न आलेली) ६३ अंश, एक मिनिट. वर्षाच्या वरचा कोंबडा ६५ अंश आणि सव्वा मिनिट. पाय धरून पूर्ण बुडवायची, वरखाली हलवत राहायचं म्हणजे पाणी पिसांच्या मुळापर्यंत जातं, टोपात एक चमचा भांडी घासायचं लिक्विड टाकलं तर अजून लवकर जातं. वेळ घड्याळाने बघाच पण शेवटचा निकाल पिसाचा. पंखाचं मोठं पीस दोन बोटांनी धरून ओढायचं, लोण्यातून सुरी काढल्यासारखं आलं की बाहेर काढायची. पायाची खवलं सुटायला लागली तर पाणी जास्त झालं समजायचं.

थर्मामीटर ४०० रुपयाचा डिजिटल घेतला, लांब सळईचा. टोप निदान चाळीस लिटरचा घ्या, लहान टोपात दोन कोंबड्या बुडवल्या की पाणी चटकन उतरतं. शेजारी चुलीवर उकळतं पाणी ठेवायचं आणि तांब्याने भर घालत राहायचं.

एवढं जमलं की दोन गावठी कोंबड्या पंचवीस तीस सेकंदात साफ होतात. आई पहिल्यांदा बघायला आली तेव्हा तिने कोंबडी हातात घेऊन उलटसुलट केली, पंखाखाली बोट फिरवलं आणि म्हणाली, "हय जरा ऱ्हवली." काखेतली चार पिसं राहिली होती. ती तिने काढली आणि दुसरी आणायला सांगितली.

बाल्कनीतली_बाग

मी पुण्यात राहते, कोंबड्या पाळत नाही, पण वाचतेय. दुकानात तर कातडीच काढून टाकतात आणि पिसांसकट अर्ध्या मिनिटात होतं. मग एवढं सगळं कशासाठी?

पंचगंगाकाठ

ताई, गावरान कोंबडीची चव कातडीत हाय. पिसं काढून झाल्यावर जाळावर फिरवून घ्यायची, बारीक केस जळत्यात, कातडी जरा पिवळी तांबूस हुतीया, मग हळद मीठ चोळून धुवायची. त्या भाजल्याला जो वास सुटतोय तो रश्श्यात उतरतोय. कातडी काढलेल्या कोंबडीचा रस्सा आमच्यात पाहुण्याला वाढत न्हाईत.

वाशिष्ठी

हो अगदी. आणि भाजायला आम्ही भाताचा पेंढा किंवा माडाची सुकी झावळी वापरतो, ज्योत मोठी आणि लगेच विझणारी. रॉकेलचा बोळा किंवा टायर वगैरे कोणी पेटवत असेल तर कृपया नको, सगळा वास मांसाला लागतो. गॅसचा बर्नर पण चालतो.

मशीनने काढल्यावर कातडी आधीच ओली आणि मऊ असते तेव्हा भाजण्याआधी फडक्याने कोरडी करून घ्या, नाहीतर केस जळत नाहीत नुसती वाफ निघते.

पशुवैद्य_ग्रामीण

धाग्यात चांगली माहिती जमतेय. मी जिल्हा परिषदेच्या दवाखान्यात काम करतो, मला जे रोज दिसतं त्यातलं थोडं सांगतो.

एक, कोंबडी कापण्याआधी आठ ते बारा तास दाणे बंद, पाणी चालू. गळ्यातली थैली आणि आतडी भरलेली असली की मशीनमधे गडगडताना दाब पडून विष्ठा बाहेर येते आणि त्याच ड्रममधल्या दुसऱ्या कोंबडीला लागते. साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टर हे जंतू एका पक्ष्यावरून दुसऱ्यावर जायची मोठी जागा म्हणजे हे पिसं काढायचं यंत्र. म्हणून वाहतं पाणी सतत हवं, आणि बाहेर काढल्यावर कोंबडी स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. लगेच शिजवणार असाल तर गोष्ट वेगळी, पण फ्रीजरला ठेवायची असेल तर आधी ४ अंशांपर्यंत थंड झाली पाहिजे.

दोन, आणि हे मी हात जोडून सांगतो, पक्षी पूर्ण मेल्याशिवाय गरम पाण्यात जाता कामा नये. घाईच्या दिवशी हे होतं. मान कापल्यावर सोडून देतात, ती तडफडते, पंख आपटते, थांबली की लगेच पाण्यात. पत्र्याचं किंवा जाड प्लास्टिकचं नरसाळं करा, रुंद बाजू वर, भिंतीला टांगा, कोंबडी डोकं खाली करून त्यात ठेवा. पंख आवळले जातात त्यामुळे ती शांत राहते, आपटून मांस काळंनिळं होत नाही आणि रक्त पूर्ण निथळतं. कापल्यावर निदान दोन तीन मिनिटं द्या. डोळ्याला बोट लावून पापणी हलत नाही, श्वास नाही, हे बघा आणि मगच पुढे. आपण वाढवलेला पक्षी आहे, शेवटची तीन मिनिटं आपण त्याला देणं लागतो.

तीन, मलूल, मान वाकडी झालेला, हिरवट पातळ हगणारा पक्षी कापायचा नाही. "मरायच्या आत कापून घेऊ" ही सवय फार वाईट आहे. मानमोडीत, ज्याला आम्ही राणीखेत म्हणतो, अशा पक्ष्याची पिसं आणि रक्त परड्यात पडलं की उरलेला कळप जातो.

तापीकाठ

डॉक्टरसाहेबांच्या तिसऱ्या मुद्द्याला माझं शंभर टक्के अनुमोदन. मी नंदुरबार जिल्ह्यातला. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्या नवापूरला सापडला, तेव्हा मी शाळेत होतो. लाखांनी कोंबड्या मारून पुरल्या, गावात पांढरे कपडे घातलेली माणसं फिरायची, आमच्या घरच्या सोळा कोंबड्या पण नेल्या. आजी दोन दिवस जेवली नव्हती. पक्षी एकाएकी मरायला लागले तर दवाखान्यात कळवा, कापू नका, पिसं तर अजिबात काढू नका, ओल्या पिसांचे शिंतोडे तोंडावर येतात.

ओहायोकर

मूळ साताऱ्याचा, सध्या ओहायोत. इथे आमच्या टाउनशिपमधे सहा कोंबड्या पाळायला परवानगी आहे आणि शेजारी शेतावर दरवर्षी शरद ऋतूत चाळीस पन्नास ब्रॉयलर कापतात, मी मदतीला जातो. त्यांच्याकडे विझबँग पद्धतीचं घरी बनवलेलं मशीन आहे, अमेरिकेत घरगुती कोंबडीवाल्यांमधे हे डिझाईन खूप चालतं, तत्त्व माडाखालीने लिहिलंय तेच.

एक गोष्ट लक्षात आणून देतो, कारण अमेरिकन नकाशे बघून कोणीतरी तसंच्या तसं बनवेल. इथली वीज ६० हर्ट्झची, चार पोल मोटर १७२५ ने फिरते. भारतात ५० हर्ट्झ, तीच मोटर १४४० ने. म्हणजे इथल्या नकाशातल्या पुल्या तिथे लावल्या तर थाळी सुमारे एक षष्ठांश हळू फिरेल. पुल्यांचं माप उचलू नका, थाळीचा वेग उचला आणि पुली आपल्या मोटरवरून काढा.

दुसरं, चार पाचच पक्षी असतील तर एवढं मशीन नको. तीन चार इंची पीव्हीसी एंड कॅपला सात आठ रबरी बोटं बसवायची, मधे बोल्ट, तो ड्रिल मशीनला लावायचा. ड्रिल स्टँडमधे घट्ट बांधा आणि कोंबडी दोन्ही हातांनी धरून त्याच्यासमोर फिरवा. एका पक्ष्याला तीन चार मिनिटं लागतात. रबरी बोटांऐवजी मोटरसायकलवर सामान बांधायच्या लवचिक दोरीचे तुकडे लावलेले मी बघितलेत, दहा पक्ष्यांत त्यांचे धागे सुटून मांसाला चिकटतात, ते करू नका.

नवा_कुक्कुटपालक

ड्रिलवाला प्रकार करून बघतो आधी. पण ड्रिल पण विजेचंच आणि हात ओले, मग?

वाइंडिंगवाला

बॅटरीवालं ड्रिल घ्या. वायरवालं असेल तर ईएलसीबीशिवाय नाही, विषय संपला.

पंचगंगाकाठ

मला दोन शंका हायत. एक, कडकनाथ चालतोय का यात? माझ्याकडं वीस हायत. दोन, बदक?

माडाखाली

कडकनाथ मी केलेत चार. अंगाने हलका असतो तेव्हा दोनऐवजी तीन टाकले तरी चालतात, एकटाच टाकला तर एका कोपऱ्यात बसून राहतो, गडगडत नाही. अडचण वेगळीच आहे, कातडी काळी, पिसं काळी, त्यामुळे राहिलेले खुंट दिसतच नाहीत, बोटाने चाचपून काढावे लागतात. उन्हात बसा साफ करायला.

कोंबडी पिसं टाकत असेल त्या दिवसांत मात्र कुठलीच कापू नका. नवीन पिसांचे कोवळे खुंट कातडीत असतात, ते ना मशीनने निघतात ना हाताने, दाबले की काळं पाणी येतं. महिना दीड महिना थांबलेलं बरं.

वाशिष्ठी

बदकाचं मी सांगते, माझ्या माहेरी होती. त्याच्या पिसांना तेल असतं, पाणी आत शिरत नाही. पाणी ६५ ते ७० पर्यंत लागतं, साबण जास्त, आणि दोन तीन मिनिटं बुडवून ठेवायचं, पिसं हाताने उलटी चोळायची म्हणजे पाणी आत जातं. वरची पिसं निघतात पण खालचा कापूस राहतो. काही लोक वितळलेल्या मेणात बुडवून गार पाण्यात घालतात आणि मेण सोलून काढतात, त्याबरोबर कापूस येतो. दोन बदकांसाठी मी तरी हातानेच करेन.

तापीकाठ

पिसांचं पुढे काय करता? आमच्याकडे लोक ओढ्यात टाकतात, कुत्री ओढत आणतात.

माडाखाली

मशीनच्या खाली उतरता पत्रा आणि पुढे शेडनेटची पिशवी बांधलीय, पाणी गळून जातं आणि पिसं पिशवीत राहतात. एका गावठी कोंबडीची ओली पिसं मूठभर दिसतात पण दहा झाल्या की पाटी भरते. माडाच्या आळ्यापासून थोडं लांब दोन फूट खड्डा काढतो, एक थर पिसं, एक थर ओलं शेण, एक थर पातेरा, वर माती. पिसांत नत्र भरपूर असतं पण कुजायला वेळ लागतो, माझा जूनमधला खड्डा मार्चमधे उघडला तेव्हा पिसांच्या मधल्या काड्या अजून हाताला लागत होत्या. रक्त आणि आतडी त्याच खड्ड्यात पण खाली, वरून फळी आणि दगड, नाहीतर कोल्हे उकरतात.

सह्याद्रीची_लेक

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय. आमचा बारा बायकांचा बचत गट आहे, प्रत्येकीकडे दहा पंधरा गावठी कोंबड्या. असं एक मशीन गटात घेतलं आणि वाडीवाडीत फिरवलं, कार्य असेल त्या घरी भाड्याने दिलं तर कसं होईल? गटारीच्या आधी आणि जत्रेला मागणी नक्की असते. माडाखाली, तुम्ही आमच्यासाठी बनवून द्याल का?

माडाखाली

ताई, बनवून देईन, मजुरी घेणार नाही, सामानाचे पैसे फक्त. फ्रेमला चाकं लावू म्हणजे दोघींना ढकलता येईल. आणि मोटर शेवटी सुटी करता येईल अशी बोल्टवर बसवू, तीच जड असते.

पशुवैद्य_ग्रामीण

गटाची कल्पना चांगली आहे पण वाडीवाडीत फिरवणार असाल तर एक धोका नीट समजून घ्या. मशीन एका घरचा रोग दुसऱ्या घरी नेऊ शकतं. राणीखेतचा विषाणू पिसांत, विष्ठेत, ओल्या रबरावर टिकतो. प्रत्येक घरून निघताना आधी साबणाच्या पाण्याने घासून सगळी घाण काढा, नुसतं औषध वरून ओतून उपयोग नाही, घाणीखाली जंतू तसेच राहतात. मग ब्लिचिंग पावडरचं ताजं पाणी बोटांच्या मुळांपर्यंत मारा, दहा पंधरा मिनिटं राहू द्या, स्वच्छ पाण्याने धुवा आणि कडक उन्हात पूर्ण सुकवा. चाकं पण धुवायची. ज्या वाडीत मर चालू आहे तिथे मशीन पाठवायचंच नाही, भाडं बुडालं तरी चालेल. गटातल्या सगळ्या कोंबड्यांना राणीखेतवरची लासोटा लस वेळेवर द्या, कुपी मोठी येते, एका घराला महाग पडते, बाराजणींत वाटून घेतली तर अगदी थोडक्यात होते. दवाखान्यात आलात तर वेळापत्रक लिहून देतो.

साफ केलेली कोंबडी विकणार असाल तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, ती आधी काढा. घरच्या जेवणासाठी लागत नाही.

सह्याद्रीची_लेक

डॉक्टर, हे सगळं गटाच्या वहीत लिहून घेतलं. धुवायचं काम मशीन नेणाऱ्या घराचं नाही, परत घेणाऱ्या बाईचं ठेवू, म्हणजे ती तपासूनच घेईल. अनामत पाचशे ठेवायचं ठरतंय.

माडाखाली, गटातल्या दोघी उंचीने कमी आहेत, ड्रमची वरची कड कितीवर येते तुमच्याकडे?

माडाखाली

जमिनीपासून ९४ सेंटीमीटर. आईसाठी मी नंतर पायाखाली ओटा केला. तुमचं बनवताना फ्रेमच सहा इंच कमी करू, फक्त खालचा उतरता पत्रा मग जास्त आडवा होतो आणि पिसं साचतात, त्याला मागून अजून एक पाण्याची नळी द्यावी लागेल. रविवारी अँगल आणायला जातोय तेव्हा त्याआधी दोघींची कोपरापर्यंतची उंची मोजून इथे टाका.

सह्याद्रीची_लेक

एकीची ९१, एकीची ८८.

माडाखाली

मग कड ७८ वर घेतो.

वाइंडिंगवाला

मोटर मी बघून देतो, दुकानात एक बंद बॉडीची पडलीय, नवीन वाइंडिंग करून. बेअरिंग बदलून पाठवतो, पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा.